60 'मादी कलमं' घेतली कोकमाची, 7 वर्षांनी निम्मी नर निघाली

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. खरं तर लाज वाटत होती, कारण फसलो त्यात निम्मी चूक माझीच. पण पुढच्या महिन्यात पाऊस सुरू झाला की परत गावोगाव रोपांचे टेम्पो फिरायला लागतील म्हणून आता लिहितोच.

आमची कुडाळ तालुक्यात दीड एकर जमीन आहे, वडिलांच्या नावावर, वर्षानुवर्षं पडीक. मी डोंबिवलीत. 2018 ला ठरवलं की आंबा-काजू नको, फवारणी आली, राखण आली, आपण महिन्यातून एकदा जाणार. त्यापेक्षा आपल्या मातीतलीच झाडं लावू, रातांबा म्हणजेच कोकम, उंडी, सुरंगी, हिरडा, आणि सगळं नैसर्गिक पद्धतीने, खतं-औषधं काही नाही. रातांब्याला खास पाणी लागत नाही, सावलीत येतो, आमसूल, आगळ (फळाचा खारवलेला रस), मुठेल (बियांचं तेल) सगळंच विकलं जातं. विचार चुकीचा नव्हता, आजही तेच म्हणेन.

व्हॉट्सॅपवर एका ग्रुपमध्ये एकाची जाहिरात आली. देशी वृक्ष, जंगलातल्या मातृवृक्षापासून, शंभर टक्के मादी कलम, 120 रुपये, पोच घरापर्यंत. फोन केला तर माणूस इतका गोड बोलणारा की काय सांगू, दादा तुमच्यासारखी माणसं मातीकडे परत येतायत बघून बरं वाटतं वगैरे. मी तिथेच विरघळलो. नर्सरी बघायला येतो म्हणालो तर म्हणाला पावसात रस्ता खराब आहे, फोटो पाठवतो. फोटो आले, फळांनी लगडलेलं झाड, मागे निळी पाण्याची टाकी. झालं, आमचं समाधान!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी पेरून आलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि फुलं येईपर्यंत कोण काय ते बघून कळत नाही. फुलायला 7-8 वर्षं जातात. म्हणून तर कलम घ्यायचं, रोपावर मादी झाडाची काडी बांधली की मादीच येणार आणि फळही लवकर, चार-पाच वर्षांत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता आणि कोकण हातिस या जाती त्यासाठीच आहेत. परागीभवनासाठी नरही ठेवायचे पण शंभरात दहा पुरतात. हे सगळं मला 2018 मध्येसुद्धा माहीत होतं बरं का! तरीही फसलो.

जूनमध्ये टेम्पो आला, 60 रोपं, प्रत्येकाला खाली प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली, अगदी कलमासारखी. सोबत सहा रक्तचंदनाची रोपं 'आपलं कोकणातलंच देशी झाड' म्हणून माथी मारली. रक्तचंदन आंध्रातल्या शेषाचलम डोंगराकडचं, कोकणाशी त्याचा काय संबंध? आणि वर आठ बाटल्या 'तयार जीवामृत', बाटली 450 ची. जीवामृत म्हणजे 200 लिटरच्या पिंपात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि मूठभर माती, ढवळायचं आणि आठवड्याभरात वापरून संपवायचं. ते वर्षभर टिकणाऱ्या बाटलीत कसं येईल हा साधा प्रश्न मला पडला नाही. नैसर्गिक शब्द ऐकला की डोकं बाजूला ठेवायची सवय, दुसरं काय. बिल म्हणून वहीचा कागद फाडून दिला, त्यावर ना शिक्का ना परवाना नंबर. त्यामुळे कृषी खात्याच्या फळबाग अनुदान योजनेचा तर विषयच संपला.

झाडं मात्र मनापासून जगवली. बुंध्याशी पातेऱ्याचं (वाळक्या पाल्याचं) जाड आच्छादन, पहिले दोन उन्हाळे माडाची झापं लावून सावली, जीवामृत नंतर शेजारच्या गोठ्यातलं शेण आणून स्वतः केलं. 60 मधली 52 जगली, सरळसोट वाढली. शेजारच्या आबांची खरी कलमं मात्र आडवी पसरलेली, कारण बांधताना काडी बाजूच्या फांदीची घेतली होती, सरळ वाढणाऱ्या शेंड्याची घ्यायला हवी. मी मनात म्हणायचो बघा आपली कशी सुरेख.

चौथं वर्ष गेलं, पाचवं गेलं, फूल नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे जमीन कातळाची आहे दादा, धीर धरा. सहाव्या वर्षी नंबर बंद. 2024 च्या डिसेंबरात एकदाची फुलं आली, मी आनंदाने आबांना बोलावलं. त्यांनी एक फूल तोडून उलटंपालटं केलं, मग बुंध्यापाशी खाली बसून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे खुळ्या, ह्यां कलम नाय, ह्यां रोप आसा. हेका जल्मात रातांबो लागूचो नाय." फूल नराचं होतं. आणि कलमाच्या जागी सांधा असतो, फुगवटा दिसतो, खालवरच्या सालीत फरक दिसतो. माझ्या झाडांना काहीच नाही. पट्टीखाली फक्त ब्लेडने ओरखडा काढलेला असणार, तोही भरून गेलेला. फुललेली 37, त्यात 21 नर.

बियांची रोपं वाईट असतात असं नाही. रान राखायला तर तीच लावावीत, प्रत्येक झाड वेगळं येतं. पण मग 20 रुपयांचं रोप म्हणून विका ना.

तक्रारीचं बघितलं. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी 1969 पासून कायदा आहे, परवाना लागतो, काडी कुठल्या झाडाची याची नोंद ठेवावी लागते. ग्राहक आयोगाला 2 वर्षांची मुदत. पण माझ्याकडे वहीचा कागद, माणसाचं खरं नावही माहीत नाही. तेव्हा घेणार असाल तर आधी परवाना नंबर मागा आणि छापील पावती घ्या. टेम्पोतलं कुठलंही एक रोप स्वतः उचला, पट्टी सोडा, पाचरीचा सांधा डोळ्याने बघा. विकणारा सोडू देत नसेल तर टेम्पो परत पाठवा, एक रोप वाया गेलं तर त्याचे पैसे द्या पण बघाच.

मी पाच नर तसेच ठेवलेत, 16 गेल्या वर्षी कमरेएवढे छाटले. नव्या फुटीवर आबांच्या जुन्या मादी झाडाची सरळ शेंड्याची काडी बांधली, नऊ जगल्या. बाकीच्यांवर यंदा परत बांधणार. खर्चाचं काही नाही हो, दहा-बारा हजार गेले असतील सगळे मिळून, पण वडिलांना स्वतःच्या जमिनीतलं आमसूल बघायचं होतं, ते 2023 ला गेले.

परवा दुसऱ्याच एका ग्रुपवर जाहिरात आली. नर्सरीचं नाव नवीन, दर 180, आणि फोटोत तेच झाड, मागे तीच निळी टाकी.