शाळेचं घर घेताय? आधी बाहेरचं डांबर बघा

इंग्लंडच्या खेड्यातली जुनी शाळा घर करून विकायला निघाली, की जाहिरातीत फोटो एकाच गोष्टीचा असतो: उंच छताचा वर्ग आणि त्यात उतरलेलं ऊन. ते खोटं नाही. १८७० च्या शिक्षण कायद्याच्या आगेमागे बांधलेल्या या शाळांचा उजेड नव्या घरात मिळत नाही. फक्त मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या उंचावर ठेवलेल्या असत. सोफ्यावर बसलात तर दिसतं ते नुसतं आभाळ.

१२ बाय ६ मीटरचा, ५ मीटर उंच वर्ग म्हणजे ३६० घनमीटर हवा, तेवढ्याच लांबीरुंदीच्या, २.४ मीटर उंचीच्या नेहमीच्या खोलीच्या दुपटीहून जास्त. नुसत्या रेडिएटरवर भागवलं तर ऊब छताला जाऊन बसते आणि पाय गारठतात. फरशीखालचं हीटिंग असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

खरी मेख मात्र बाहेर असते. मैदानावर वर्षानुवर्षं डांबराचे थर चढतात आणि भिंतीच्या पायथ्याच्या, जमिनीखाली हवा खेळवणाऱ्या जाळीच्या विटा त्यात बुजतात. लाकडी जमिनीखालची हवा कोंडते, तुळयांची भिंतीत बसलेली टोकं कुजतात. आत भिंतीलगत चालून बघा. पाय जरा दबला तर समजून जा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली हवी. नसेल तर भिंतीलगत डांबर कापून खडीचा चर काढावा लागतो.

दुसरी चूक सिमेंटची. या भिंती भरीव, चुन्यात बांधलेल्या. दरजा सिमेंटने भरल्या की ओल विटेतूनच बाहेर पडू पाहते, थंडीत गोठते आणि विटेचा पापुद्रा सुटतो. सांधे शाबूत आणि वीट खोलगट झालेली दिसली, की कारण हेच. उपाय एकच: सिमेंट हातानं काढून पुन्हा चुना. काम वेळखाऊ, म्हणून महाग.

पोटमाळा भिंतीपासून मीटरभर आत थांबवलेला असेल तर काम जाणत्याचं. खिडकीच्या मधोमध आडवा गेलेला असेल तर घेऊ नका. ज्यासाठी पैसे मोजायचे तेच गेलंय.

इमारत ‘लिस्टेड’, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेली असेल तर आतले बदलही परवानगीशिवाय करणं गुन्हा आहे, तेव्हा आधीच्या मालकाने घेतलेल्या परवानगीची कागदपत्रं मागा. आणि जमीन १८४१ च्या ‘स्कूल साइट्स ॲक्ट’खाली दान आलेली आहे का, हे वकिलाला आधीच विचारा. शाळा बंद पडली की त्या जागेवर दात्याच्या वारसांचा हक्क उभा राहू शकतो. १९८७ च्या कायद्याने ती गुंतागुंत बरीच सोडवली असली, तरी विकणाऱ्याचे कागद स्वच्छ हवेतच.