रुनक्वेस्ट: ग्लोरांथाच्या देवांसोबत नऊ महिने

दर दुसऱ्या शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही पाच जण रुनक्वेस्ट खेळायला बसतो. तिघं पुण्यात एका घरी, एक नाशिकहून आणि एक डब्लिनहून स्क्रीनवर. हा रोलप्लेइंग गेम आहे: एक जण (जीएम, म्हणजे खेळ चालवणारा) गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. त्याआधी चार वर्षं आम्ही असाच दुसरा एक गेम खेळत होतो. तिथे देव म्हणजे कॅरेक्टर शीटवरचा, पात्राच्या माहितीच्या कागदावरचा, एक रकाना होता. कुणीतरी त्यात नाव लिहायचं आणि पुन्हा वर्षभर त्याच्याकडे बघायचं नाही. रुनक्वेस्टमध्ये तसं चालत नाही, आणि मी हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

या खेळाचं जग म्हणजे ग्लोरांथा. ग्रेग स्टॅफर्ड यांनी ते १९६६ मध्ये कॉलेजात असताना लिहायला घेतलं. रुनक्वेस्टची पहिली आवृत्ती १९७८ ची, आम्ही खेळतो ती २०१८ ची. स्टॅफर्ड स्वतः शामानी, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारी, साधना करणारे होते आणि ते जाणवतं. इथला धर्म पुस्तकं वाचून जमवलेला वाटत नाही, कुणीतरी आतून बघितलेला वाटतो.

इथे देवाचा पंथ असतो आणि पंथात पायऱ्या आहेत. सगळ्यात बाहेर साधा भाविक: सणाला येतो, पूजेत आपली थोडी जादू वाहतो, घरी जातो. त्याच्या आत इनिशिएट. दुसऱ्याच बैठकीत आमच्यातला एक जण त्याला ‘दीक्षित’ म्हणाला आणि तोच शब्द टिकला. दीक्षा घेताना आपली पॉवर, म्हणजे पात्राच्या आत्मबळाचा आकडा, कायमची द्यावी लागते: एक अंक दिला की एक रुन पॉइंट, जो देवाची जादू करताना खर्च होतो. शिवाय वेळेचा आणि कमाईचा दहावा हिस्सा पंथाला. रुन लॉर्ड (पंथातला वरच्या पायरीचा वीर) किंवा पुजारी झालात की तोच हिस्सा ९० टक्क्यांवर जातो. वादळाचा देव ऑर्लान्थ याच्या आमच्यातल्या भक्ताला सहाव्या महिन्यात हे कळलं तेव्हा तो चांगलाच हादरला. त्याला वाटत होतं, पद मिळालं की मोकळीक वाढेल. पण वादळाच्या देवाचा पुजारी म्हणजे कुळाचे तंटे, बळी, सणवार, पाहुणे. भटकायला वेळ उरतो कुठे?

बदल्यात काय मिळतं, तेही सांगते. अगदी जिवावर बेतलं तर देवाला हाक मारता येते. दीक्षिताने १०० चा फासा टाकायचा आणि आकडा आपल्या पॉवरएवढा किंवा कमी यायला हवा. आला तर देव धावून येतो, पण जितका आकडा तितकी पॉवर घेऊन जातो. आमच्या एकाची पॉवर १४ होती आणि ९ आला. तो वाचला, पण पॉवर उरली ५, आणि पुढचे दोन महिने त्याची जादू जेमतेम चालत होती. रुन लॉर्ड मात्र याच हाकेला १० चा फासा टाकतो. ९० टक्के कशासाठी द्यायचे, ते त्या रात्री सगळ्यांना समजलं.

माझं पात्र चालाना अरॉयची दीक्षित आहे. ही वैद्यांची देवी, आणि कुणालाही इजा करणार नाही ही तिची शपथ. पहिले दोन महिने मला वाटायचं की लढाईत मी नुसती उभी राहते. मग आमचा हुमाक्ती, म्हणजे हुमाक्ताचा भक्त, मेला. हुमाक्त मृत्यूचा आणि सत्याचा देव. माझ्याकडे मेलेल्याला सात दिवसांच्या आत परत आणणारा मंत्र होता, लागणारे तीन रुन पॉइंटही शिल्लक होते. पण हुमाक्ताचे लोक परत येणं स्वीकारत नाहीत. ते पात्र ज्याचं होतं तो म्हणाला, ‘‘नको. त्याला चालणार नाही.’’ इतके दिवस वाढवलेलं पात्र त्याने असं सोडलं. नियमांच्या दोन ओळींनी हे घडवलं. दुसऱ्या कुठल्याही खेळात मी असं काही अनुभवलेलं नाही.

वापरलेले रुन पॉइंट पूजेने परत मिळतात, त्यामुळे पंचांग हाताशी लागतं. वर्ष २९४ दिवसांचं: पाच ऋतू, प्रत्येकात आठ आठवडे, आणि शेवटी दोन आठवड्यांचा पवित्र काळ. आम्ही मोहिमेला निघायचा दिवस आता सण बघून ठरवतो.

गूढवादाबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती मन दुखावलेल्या चाहत्याची आहे. या जगात इल्युमिनेशन, म्हणजे साक्षात्कारासारखी, एक अवस्था आहे. ज्याला ती लाभते, त्याला स्वतःच्या देवाने सूड घ्यायला पाठवलेले आत्मेही शिवू शकत नाहीत. ग्लोरांथाच्या इतिहासात ३७५ साली लोकांनी मिळून नायसालोर हा नवा देव घडवला, त्या वेळी सूर्य आकाशात थबकला. ४५० मध्ये आर्काट या वीराने त्याचा नाश केला. तो प्रकाश देणारा होता की फसवणारा ग्बाजी, हे कुठेच पक्कं सांगितलेलं नाही. असं भारी बीज! आणि मुख्य पुस्तकात नियम सविस्तर येतात ते आत्म्यांच्या, देवांच्या आणि विद्येच्या जादूचे. गूढवाट टेबलावर खेळायची तर पुरेसं काही हाती लागत नाही. आमच्या जीएमने चार पानं स्वतः लिहिली. त्यात चांद्र साम्राज्य या ग्लोरांथातल्या राज्याच्या एका गुरूने आमच्यातल्या एकीला कोडं घातलं, आणि ती तीन बैठका त्यातच अडकून होती.

बाकी त्रास नेहमीचे. लढाईत कुठल्या अवयवाला लागलं याचा हिशेब, दर क्षणाचा क्रम, नावांचं ओझं. पहिल्या चार बैठका रेंगाळतील, तेवढा धीर ठेवा. पंथांची सविस्तर पुस्तकं २०२३ पासून वेगळी येत आहेत, पण सुरुवातीला ती नकोत. प्रत्येकाने एक देव निवडावा आणि त्याची कथा पुढच्या बैठकीआधी दोनदा वाचून यावी.

ज्याचा हुमाक्ती गेला, तो मित्र आता नव्या पात्रासाठी एर्नाल्डाची, म्हणजे धरणीमातेची, दीक्षा घेतो आहे. येत्या शनिवारी तिचा सण आहे.