बाराशे रुपयांच्या बिननावाच्या डब्या

मागच्या पावसाळ्यात आईच्या उजव्या पायाच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. तिला मधुमेह आहे, त्यामुळे खरे तर तेव्हाच दवाखाना गाठायला हवा होता. पण नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात भाजी घेताना एका जडीबुटीवाल्याने तिचे पाऊल हातात धरून पाहिले आणि ‘ताई, अकरा दिवसांत मुळासकट जाईल’ असे म्हणत मलमाच्या दोन डब्या बाराशे रुपयांना आमच्या गळ्यात मारल्या. डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, मुदत यांपैकी काहीच नव्हते. पावती मागितली, तर ‘घरच्या औषधाला पावती कसली?’ असे उत्तर मिळाले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्या उत्तरावर मी हसलो होतो.

त्या मलमाने गुण आला, आणि आम्ही फसलो ते त्यामुळेच. दोन दिवसांत खाज थांबली, लाली उतरली, आणि आईने शेजारणीलाही त्या विक्रेत्याचा ठावठिकाणा सांगितला. आठव्या दिवशी मात्र तिला हुडहुडी भरून ताप आला. घोट्यापासून नडगीपर्यंतचा पाय लाल, गरम आणि इतका सुजलेला होता, की ताणलेली कातडी चकाकत होती.

डॉक्टरांनी आधी पेनाने त्या लालीची कड आखली आणि लाली रेषेबाहेर गेली किंवा ताप उतरला नाही, तर लगेच दाखल करावे लागेल, असे बजावले. हा सेल्युलायटिस होता. बेचक्यातल्या भेगेतून बहुधा स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जिवाणू आत शिरून त्वचेखाली पसरले होते. मलमात स्टेरॉइड असावे, असा डॉक्टरांचा संशय होता. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि खालचा संसर्ग झाकलेला राहतो. डबीची तपासणी झालेली नाही, त्यामुळे याहून ठाम काही मी म्हणणार नाही.

प्रतिजैविकाच्या गोळ्या आणि उशीवर उंच ठेवलेला पाय यांनी लाली हळूहळू रेषेच्या आत सरकली. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, ही ताकीद होतीच. आता आई रोज बेचक्या कोरड्या पुसते, टाचांच्या भेगांवर साधे व्हॅसलीन लावते आणि स्वतःचा टॉवेल वेगळा ठेवते.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायचे मी ठरवले, तेव्हा अर्जात विक्रेत्याचे नाव काय लिहावे, इथेच अडलो. उरलेली डबी मी पिशवीत बांधून ठेवली आहे.