‘कुशिंग मुळापासून बरं करतो’ म्हणणाऱ्यांपासून जपा

कुत्र्याला कुशिंग (अंगात कॉर्टिसॉल हे हार्मोन फार वाढण्याचा आजार) निघालं की त्या पहिल्या आठवड्यात घरातली माणसं रात्री जागून मोबाइलवर काय शोधतात, ते ‘कुशिंग मुळापासून घालवणारे’ थेंब विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. ‘औषध आयुष्यभर’, ‘पुन्हा पुन्हा रक्ततपासणी’, ‘बरा होणार नाही, आटोक्यात राहील’ एवढं ऐकून दवाखान्यातून आलेल्या माणसाची नजर ‘मुळापासून’ या शब्दावर अडकतेच. आम्हाला ज्यांनी गंडवलं त्यांचं नाव लिहीत नाही. ते नाव दर काही महिन्यांनी बदलतं, त्यामुळे लिहून उपयोगही नाही. पद्धत मात्र बदलत नाही, म्हणून ती नीट सांगते.

बंड्या आमचा अकरा वर्षांचा बीगल, वजन 14 किलो. पोट सुटलेलं, पाठीवरचे केस विरळ, बसल्याजागी धापा, आणि भूक अशी की कचऱ्याच्या डब्याला झाकण टिकेना. ‘वय झालं’ म्हणून खपून जावीत अशीच सगळी लक्षणं. संशय आला तो पाण्यामुळे. धडधाकट कुत्रा दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 50-60 मिलि पाणी पितो. 100 च्या वर गेलं की तपासायलाच हवं. बंड्या दोन लिटरच्या आसपास पोचला होता आणि रात्री घरातच सू करत होता. रक्तात एएलपी (यकृताशी संबंधित एक एन्झाइम) भरपूर वाढलेलं निघालं. मग डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन आठ तासांत तीनदा रक्त घेण्याची टेस्ट झाली, पोटाची सोनोग्राफी झाली. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या बारीक गाठीमुळे होणारं कुशिंग, असं निदान झालं. शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी कुत्र्यांत हाच प्रकार असतो, बाकीच्यांत गाठ थेट मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत असते. दोन्हीकडे परिणाम एकच, अंगात कॉर्टिसॉल गरजेपेक्षा फार जास्त.

डॉक्टरांनी ट्रायलोस्टेनच्या कॅप्सूल सुरू केल्या, जेवणाबरोबर द्यायच्या. हे औषध कॉर्टिसॉल तयार होणं रोखतं, गाठीला हात लावत नाही. म्हणून ते कायम घ्यावं लागतं आणि डोस बरोबर आहे का हे पाहायला ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. थोड्याच दिवसांत पाणी कमी झालं, रात्री शांत जाऊ लागल्या. पण बंड्या लंगडायला लागला. उठताना मागचे पाय आखडायचे, जिन्याखाली येऊन नुसता वर बघत उभा राहायचा.

नेमक्या याच सुमारास थेंब विकणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. ‘पाळीव प्राण्यांसाठी मोफत मार्गदर्शन’ असा एक फॉर्म मी भरला होता, त्यावरून. स्वतःला ते ‘उपचार सल्लागार’ म्हणवत. डॉक्टर आहात का, असं विचारलं तर म्हणाले, “ताई, डिग्री महत्त्वाची का जीव?” आवाजात इतकी माया की समोरचा गप्पच बसावा. आणि मग त्यांनी विचारलं, “बंड्याला उठताना त्रास होतोय ना?”

मी त्यांना हे सांगितलंच नव्हतं. सगळी मेख या एका प्रश्नात होती. पुढे डॉक्टरांनी उलगडून सांगितलं ते असं: कॉर्टिसॉल म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड. ते वारेमाप असतं तेव्हा सांध्यांची सूज आणि दुखणं दाबून टाकतं. औषधाने ते खाली आलं की इतके दिवस झाकलेला संधिवात उघडा पडतो. म्हाताऱ्या कुत्र्यांत हे सर्रास होतं. म्हणजे नुकत्याच कॅप्सूल सुरू झालेल्या कुठल्याही वयस्कर कुत्र्याच्या मालकाला तो प्रश्न विचारा, बऱ्याचदा उत्तर ‘हो’ येणार. ऐकणाऱ्याला वाटतं, बघा, फोनवरून ओळखलं!

“ते केमिकल सांधे खातंय, ताई. प्रेमापोटी विष घालताय तुम्ही त्याला.” हे वाक्य त्यांनी किती जणींना ऐकवलं असेल कोण जाणे. उपाय काय, तर सहा बाटल्यांचा कोर्स, पैसे आधी, गुण न आल्यास सगळे परत. अट एकच: कॅप्सूल पूर्ण बंद, नाहीतर थेंब ‘लागू पडत नाहीत’.

थेंब सुरू झाले, कॅप्सूल बंद झाल्या आणि चार-पाच दिवसांत बंड्या फाटकापर्यंत पळत गेला. घरात आनंदीआनंद. सल्लागारांनी व्हिडिओ मागितला, मी कौतुकाने पाठवला. आता हे कसं झालं ते ऐका. ट्रायलोस्टेनचा असर जेमतेम दिवसभर टिकतो. ते थांबलं की कॉर्टिसॉल पुन्हा चढतं, आणि चढलेलं कॉर्टिसॉल सांध्यांचं दुखणं फुकटात मारतं. बाटलीत नुसतं नळाचं पाणी असतं तरी बंड्या धावलाच असता. कुत्र्याचा आजारच विक्रेत्याच्या बाजूने साक्ष देतो, आणि मालकाच्या डोळ्यांदेखत देतो. याहून पक्की जाहिरात कुठली?

मग पाणी वाढलं. उत्तर आलं, “शरीरातली घाण बाहेर पडतेय.” भूक खवळली. “ताकद येतेय.” धापा वाढल्या. “उष्णता निघतेय.” प्रत्येक लक्षणाला त्यांच्याकडे एक गोड नाव तयार होतं, आणि वाईट लक्षण जितकं जास्त तितकी त्यांच्या मते प्रगती जास्त.

सगळ्यात चलाख डाव होता रिपोर्टचा. शंका घेतल्यावर त्यांनीच सुचवलं, “लॅबमधून कॉर्टिसॉल करून घ्या, आमच्यावर विश्वास ठेवू नका.” आकडा नॉर्मलमध्ये आला. त्यांनी लगेच बंड्याचा फोटो आणि हिरवं पान छापलेलं ‘कुशिंगमुक्त’ असं प्रमाणपत्र पाठवलं. लॅब खरी, रक्त बंड्याचंच, आकडाही खरा. खोटा होता तो त्याचा अर्थ. कॉर्टिसॉल दिवसभर वरखाली होत असतं. कुशिंग असलेल्या कुत्र्याचा एखादा नमुना सहज नॉर्मल येऊ शकतो. म्हणूनच तर निदानाला ती आठ तासांची टेस्ट लागते, किंवा कॉर्टिसॉल तयार करायला लावणाऱ्या एसीटीएच या हार्मोनचं इंजेक्शन देऊन आधीचं आणि नंतरचं रक्त तपासावं लागतं. औषध चालू असतानाही कॅप्सूल दिल्यावर किती तासांनी रक्त घ्यायचं हे डॉक्टर ठरवून देतात. एकट्या आकड्यावर ‘बरा झाला’ म्हणणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा लबाड. हे गृहस्थ अडाणी अजिबात नव्हते.

बिंग फुटलं ते लघवीत रक्त दिसल्यावर. बंड्या पाय वर करून कुंथत उभा, आणि फरशीवर गुलाबी थेंब. दवाखान्यात मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला, रक्तदाब चढलेला, लघवीतून प्रथिनं जाऊ लागलेली. कॉर्टिसॉल जास्त असलं की प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे असे संसर्ग या आजारात नेहमीचेच. डॉक्टरांनी बाटली मागवून घेतली आणि उजेडात धरून लेबल वाचलं. वनस्पतींची भलीमोठी यादी, पण कशाचंही प्रमाण नाही. बॅच नंबर नाही, उत्पादनाची तारीख नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. यादीत मेलाटोनिन (झोपेशी संबंधित हार्मोन) होतं. ते काही डॉक्टर ठरावीक कुत्र्यांना देतात, पण ट्रायलोस्टेनची जागा ते घेऊ शकत नाही. तेवढ्या एका खऱ्या कणाच्या जोरावर पूर्ण बाटली विकली जाते.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण इथे जीव जाऊ शकतो. काही लोक कॅप्सूल चालू ठेवून वर असले थेंब देतात, मग कॅप्सूलचा डोस जास्त झाल्याची लक्षणंही थेंबांचा गुण समजली जातात. ट्रायलोस्टेनचा डोस जास्त झाला तर कॉर्टिसॉल गरजेपेक्षा खाली जातं: उलट्या, जुलाब, खाणं बंद, थरथर, मलूल पडून राहणं, शेवटी कोसळणं. अशा वेळी पुढची कॅप्सूल द्यायची नाही आणि तडक डॉक्टरकडे न्यायचं. त्या क्षणी कोणी फोनवर “घाण निघतेय, घाबरू नका” म्हणालं, तर फोन ठेवून गाडी काढा. साधं लंगडणं आणि हे मलूलपण यातला फरक घरबसल्या ठरवायला जाऊ नका, ते काम डॉक्टरांचं. तेच ‘स्वस्त सुट्ट्या कॅप्सूल’बद्दल. औषध तेच असल्याचं सांगतात, पण असा परस्पर भरलेला माल तपासला तेव्हा त्यातलं प्रमाण लेबलशी जुळत नसल्याचं आढळलेलं आहे. या औषधात थोडं कमीजास्त म्हणजे एकीकडे कुशिंग, दुसरीकडे कोसळणं.

त्यांच्या ‘आधी-नंतर’च्या फोटोंतला एक केसाळ कुत्रा मी इंटरनेटवर फोटो टाकून शोधला. तोच फोटो गोचीड मारायच्या शाम्पूच्या जाहिरातीत सापडला. बिचारा किती आजारांतून बरा झालाय!

पैसे मागितले तेव्हा आवाजातली माया आटली. अटींमध्ये तळाशी बारीक अक्षरांत होतं: कोर्स चालू असताना इतर कुठलाही वैद्यकीय उपचार घेतल्यास हमी रद्द. बंड्याला संसर्गासाठी अँटिबायोटिक दिलं होतं, म्हणजे हमी गेली. म्हणजे पैसे परत हवे असतील तर कुत्र्याला रक्त मुतत ठेवायचं. वर मेहेरबानी म्हणून दोन बाटल्या मोफत देऊ केल्या, कुरिअरचा खर्च माझा. त्यांचे मेसेज, ते प्रमाणपत्र, पैसे भरल्याच्या पावत्या असं सगळं मी पेमेंट कंपनीकडच्या तक्रारीला जोडलं. तुमच्या बाबतीत असं काही चालू असेल तर काहीही डिलीट करू नका. भांडण सुरू झालं की त्यांच्याकडचे मेसेज पटापट गायब होतात.

बंड्या पुन्हा ट्रायलोस्टेनवर आहे. सांध्यांसाठी मूत्रपिंडावर लक्ष ठेवून वेगळं वेदनाशामक चालू आहे, घसरू नये म्हणून घरभर सतरंज्या टाकल्यात, आणि पाणी बरंच खाली आलंय. लंगडतो थोडा.

त्याचा तो पळण्याचा व्हिडिओ माझ्या तक्रारीनंतर काढून टाकला गेला. आता तो दुसऱ्या नावाने फिरतोय, आवाज बदललेला, खाली ‘संधिवातावर चमत्कारी तेल’. लाल पट्टा, डावा कान किंचित फाटलेला, हिरव्या फाटकाकडे धावणारा बीगल दिसला तर तो आमचा बंड्या आहे. त्या दिवशी त्याला तेलाचा थेंबही लावलेला नव्हता, तो अंगात चढलेल्या कॉर्टिसॉलवर पळत होता.