विरुद्धार्थी शब्दांचा फ्लॅशकार्ड बॉक्स : पाठांतराला बरा, पण सुपीरिअर-इन्फीरिअरमध्ये गंडलाय

भाची एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षा देतेय, तिच्यासाठी अप्पा बळवंत चौकातून हा इंग्लिश विरुद्धार्थी शब्दांच्या कार्डांचा बॉक्स घेतला. प्रकाशकाचं नाव देत नाही, छोटी माणसं आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. कार्डं जाड आहेत, छपाई स्वच्छ, पुढे शब्द आणि मागे उलटा शब्द, मराठी अर्थ, एक वाक्य. ऑप्टिमिस्ट-पेसिमिस्ट वगैरे नेहमीचे शब्द नेहमीसारखेच आहेत, त्यावर काय बोलायचं.

बोलायचंय ते 'स्थान आणि महत्त्व' नावाच्या गठ्ठ्याबद्दल. यात सीनिअर-ज्युनिअर, सुपीरिअर-इन्फीरिअर, मेजर-मायनर, अप्पर-लोअर, अँटीरिअर-पोस्टीरिअर अशा जोड्या आहेत. आधी चांगलं सांगतो, 'टू'चं कार्ड एकदम झकास जमलंय. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर हे शब्द लॅटिनमधून येतानाच तुलना पोटात घेऊन आलेत, म्हणून पुढे 'दॅन' नाही तर 'टू' लागतो आणि 'मोअर सुपीरिअर' पण चालत नाही. आपल्याकडे ऑफिसात 'ही इज सीनिअर दॅन मी' सर्रास ऐकू येतं आणि चूक शोधा टाइपच्या प्रश्नात नेमका तिथंच मार्क जातो. मेजर-मायनर पण त्याच लॅटिन घराण्यातले, पण त्यांच्यापुढे हा 'टू' येत नाही, हेसुद्धा बारीक अक्षरात दिलंय. शाब्बास.

आता गडबड. सुपीरिअर म्हणजे श्रेष्ठ, इन्फीरिअर म्हणजे हलक्या दर्जाचा, बास, कार्ड संपलं. अहो, मूळ अर्थ नुसता वरचा आणि खालचा असाय, आणि शास्त्रात अजूनही तोच चालतो! शरीराच्या वरच्या भागातलं रक्त हृदयात आणते ती 'सुपीरिअर व्हेना कॅव्हा' नावाची शीर, खालच्या भागातलं आणते ती इन्फीरिअर, आणि गंमत म्हणजे ही 'हलकी' शीरच शरीरातली सगळ्यात मोठी. बुध-शुक्र हे इन्फीरिअर प्लॅनेट, कारण त्यांच्या कक्षा पृथ्वीच्या आत, आपण अंतर्ग्रह म्हणतो तेच, त्यात शुक्राचा काय अपमान नाही. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं लेक सुपीरिअर पण फ्रेंचांनी 'वरचं तळं' म्हणून ठेवलेलं नाव, ह्युरॉन तळ्याच्या वर आहे म्हणून. ते पृष्ठभागाच्या हिशोबात जगातलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं तळं आहे हा भाग वेगळा. मी स्वतः छपाईच्या धंद्यातला, आमच्याकडे एच-टू-ओ मधला खाली बसणारा दोन म्हणजे इन्फीरिअर आणि वर्गाचा वर चढणारा दोन सुपीरिअर. अप्पर केस-लोअर केस पण खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, खोक्यांवरूनच आलंय, कॅपिटल अक्षरांचं खोकं वर ठेवायचे. हे सगळं सोडा, निदान 'स्थानाने वरचा' एवढे दोन शब्द तरी छापायचे ना, गठ्ठ्याच्या नावातच स्थान आहे!

सगळ्यात खटकलं ते अप्पर हाऊस-लोअर हाऊसचं कार्ड. मागच्या वाक्यात अप्पर हाऊस जास्त अधिकाराचं, असा सरळ सूर लावलाय. एमपीएससीच्या पोरांना हे देता? मनी बिल मांडायचं फक्त लोकसभेत, राज्यसभेनं ते 14 दिवसांत परत करायचं, आणि मंत्रिमंडळ जबाबदार लोकसभेला. आपल्याकडे 78 जणांची विधान परिषद वरची आणि 288 ची विधानसभा खालची, तिथंही पैशाच्या बिलाचं गणित तेच. नावाने वरचं ते वजनाने पण वरचं, असं समजून पोरगी पॉलिटीचा, म्हणजे राज्यव्यवस्थेचा, पेपर लिहून आली तर इंग्लिशमध्ये मिळवलेला मार्क तिकडं घालवणार.

मेजरचंही तसंच. सैन्यात मेजर लेफ्टनंटच्या वर, बरोबर, पण मेजर जनरल मात्र लेफ्टनंट जनरलच्या खाली. कारण ते पद मुळात सार्जंट-मेजर-जनरल होतं, पुढचा सार्जंट गळाला, आणि लेफ्टनंट जनरल म्हणजे जनरलचा थेट दुय्यम. आकाशात बघाल तर अर्सा मेजर या तारकासमूहात आपले सप्तर्षी, पण ध्रुवतारा अर्सा मायनरमध्ये. असल्या गोष्टी एकेका ओळीत टाकल्या असत्या तर पोरांच्या डोक्यात शब्द कायमचा बसला असता, पण नाही, 'मेजर = मोठा, महत्त्वाचा' आणि पुढचं कार्ड.

पोस्टीरिअरला एकच उलटा शब्द दिलाय, अँटीरिअर. शरीराच्या पुढचं-मागचं म्हणून ठीक, पण स्टॅटिस्टिक्स घेतलेल्या पोरांना त्याच्यासमोर प्रायर (माहिती हाती येण्याआधीचा अंदाज; पोस्टीरिअर म्हणजे नंतरचा) लागतो, त्यांनी काय करायचं.

नुसती बँकेची परीक्षा असेल तर घ्या, किंमतही जास्त नाही. मेडिकल, खगोल किंवा पॉलिटीवाल्यांनी या गठ्ठ्यापुरता बाजूला चांगला शब्दकोश ठेवा. पाचपैकी तीन. आणि हो, कार्डांवर नंबर नाहीत, एकदा हातातून सांडली की जोड्या लावत बसावं लागतं, तर घरी आणल्या आणल्या पेन्सिलीनं कोपऱ्यात आकडे टाकून घ्या.