रिॲक्टचा क्लायंट उभा करायचाय: व्हीट की नेक्स्ट?

बॅकएंड, म्हणजे डेटा सांभाळणारा सर्व्हरचा भाग, तयार आहे, तो स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कवर ८०८० पोर्टवर चालू आहे आणि आता समोरचा भाग रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीत करायचाय, असं गृहीत धरतो.

आधी एक नाव बाजूला काढू. जुन्या नोट्समध्ये आणि जुन्या व्हिडिओंत 'क्रिएट रिॲक्ट ॲप' हमखास भेटतं. २०१६ साली आलेलं हे टूल नव्या ॲपसाठी वापरू नका, असं रिॲक्टच्या टीमनंच १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर केलं. चालू प्रोजेक्ट त्यावर असेल तर लगेच मोडायला नको, नवा मात्र त्यावर काढू नका. उरले दोघं: व्हीट, म्हणजे रिॲक्टचा कोड चालवून त्याच्या फायली तयार करणारं टूल, आणि नेक्स्ट, म्हणजे रिॲक्टवर उभारलेली, सर्व्हरसकटची फ्रेमवर्क.

पान कोण बघणार, यावर निम्मा निर्णय होतो. लातूरच्या आडत दुकानासाठी सोयाबीनच्या हिशेबपट्ट्या, हमाली, तोलाई सांभाळणारं ॲप असेल तर सगळा कारभार लॉगिनच्या आत. गूगलला तिथं काय शोधायचंय? व्हीट घ्या. वेरूळ लेण्यांजवळच्या होमस्टेचं पान असेल तर गोष्ट वेगळी. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की त्या खोलीचा फोटो आणि भाडं दिसायला हवं. व्हीटचा साधा क्लायंट आधी जवळजवळ रिकामं पान पाठवतो आणि मग जावास्क्रिप्टनं भरतो. व्हॉट्सॲपचा प्रिव्ह्यू तेवढं थांबत नाही. नेक्स्ट पान सर्व्हरवरच तयार करून देतं. त्याचा भुर्दंड म्हणजे नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर कायम चालू ठेवावा लागतो. व्हीटच्या बिल्डमधून, म्हणजे शेवटी तयार होणाऱ्या ॲपमधून, नुसत्या फायली निघतात, त्या स्वस्तातल्या होस्टिंगवरही चालतात. (नेक्स्टमध्येही स्टॅटिक एक्सपोर्ट, म्हणजे अशा नुसत्या फायली काढायची सोय, आहे, पण मग त्याच्या बऱ्याच सोयींवर पाणी सोडावं लागतं.)

इन्स्टॉल करण्यात दोन्हीकडे फारसा फरक नाही. फक्त आधी नोडची आवृत्ती बघा: व्हीट ७ ला किमान २०.१९ किंवा २२.१२ लागते.

खरी डोकेदुखी कॉन्फिगरेशनची. व्हीट ५१७३ पोर्टवर उठतं, एपीआय (बॅकएंडकडून डेटा मागायचा पत्ता) ८०८० वर. पोर्ट वेगळा म्हणजे ब्राउझरच्या लेखी ओरिजिन वेगळं, आणि कन्सोलमध्ये सीओआरएसची (दुसऱ्या ओरिजिनकडून डेटा घ्यायला ब्राउझर घालतो त्या बंधनाची) लाल ओळ आलीच. बॅकएंडमध्ये 'सगळ्यांना परवानगी' असं टाकून मोकळं होऊ नका. व्हीटच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मधला मध्यस्थ, लावा: 'एपीआय'नं सुरू होणारा प्रत्येक पत्ता ८०८० कडे वळवायचा. पण ही प्रॉक्सी फक्त डेव्ह सर्व्हरपुरती, म्हणजे कोड लिहिताना आपल्या मशीनवर चालतो त्या सर्व्हरपुरती असते. डिप्लॉय केल्यावर, म्हणजे ॲप खऱ्या सर्व्हरवर चढवल्यावर, तेच काम एनजिनएक्स या वेब सर्व्हरला सांगावं लागतं. नेक्स्टमध्ये हेच 'रीराइट्स'नं होतं आणि त्याचा सर्व्हर चालू असेल तर डिप्लॉय केल्यावरही ते लागू राहतं. इथं नेक्स्टला एक मार्क जास्त.

एन्व्ह फाइलमधलं (पत्ते, पासवर्ड अशा सेटिंग्ज ठेवायच्या फाइलमधलं) नाव व्हीटमध्ये 'व्हीट अंडरस्कोअर'नं, नेक्स्टमध्ये 'नेक्स्ट अंडरस्कोअर पब्लिक अंडरस्कोअर'नं सुरू झालं, सगळी कॅपिटल अक्षरं, तरच ते ब्राउझरच्या कोडला मिळतं. त्या नावासमोर लिहिलेली माहिती बिल्डमध्येच छापली जाते, म्हणजे जगाला दिसते. डेटाबेसचा पासवर्ड तिथं ठेवायचा नाही म्हणजे नाही.

आडतीवरचा मुनीम ॲप मोबाईलवरच उघडणार, त्यामुळे फोनवर बघणं आलंच. नेक्स्ट आपणहून नेटवर्कचा पत्ताही देतं. व्हीटला सुरू करतानाच्या कमांडमध्ये 'होस्ट' फ्लॅग द्यावा लागतो. फोन आणि लॅपटॉप एकाच हॉटस्पॉटवर असले की लॅपटॉपचा आयपी आणि पोर्ट टाकून ॲप उघडतं. विंडोज फायरवॉलनं विचारलं तर परवानगी द्या. कोडमध्ये एपीआयचा पत्ता 'लोकलहोस्ट' लिहिला असेल तर पान दिसेल, पण यादी रिकामी राहील, कारण फोनच्या दृष्टीनं लोकलहोस्ट म्हणजे फोनच. प्रॉक्सीवाल्यांना हा त्रास होत नाही.

आता लाईट आणि नेट. पॅकेजेस एकदा उतरली की दोन्ही डेव्ह सर्व्हर नेटशिवाय चालतात. राउटर बंद पडला तरी बॅटरीवर काम सुरू राहतं. नेक्स्टच्या तयार सोयीनं गूगल फॉन्ट घेतला असेल तर बिल्डच्या वेळी नेट लागतं. म्हणून मुक्तासारखा देवनागरी फॉन्ट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवलेला बरा. डिस्क भरत आली असेल तर पॅकेजेस उतरवायला नेहमीच्या एनपीएमऐवजी पीएनपीएम वापरा. एका पॅकेजची एकच प्रत ठेवून ते सगळ्या प्रोजेक्टना जोडतं.

चार जीबी रॅमवर स्प्रिंग बूट, क्रोम आणि नेक्स्ट एकत्र चालवाल तर लॅपटॉप गुदमरतो. व्हीट त्या मानानं हलकं. तेही झेपत नसेल तर गिटहब कोडस्पेसेस आहे, म्हणजे गिटहबच्या मशीनवर ब्राउझरमधून कोड चालवायची सोय. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास फुकट, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर ६० तास. पण त्याला सलग नेट हवं. छत्रपती संभाजीनगरात फायबर घेऊन बसलेल्याला ते परवडेल, गावाकडं एका काडीच्या रेंजवर नाही.