छताच्या गळतीचा माग आणि पिनवालं ओलावा मीटर: घ्यावं का, वापरावं कसं

दोन टोकदार पिना, छोटा पडदा आणि आत एक बॅटरी. पिनवालं ओलावा मीटर म्हणजे एवढंच. खोक्यावर मात्र गळती शोधण्याची हमी असते, आणि ती खरी नाही. दोन पिनांमधून वीज किती सहज जाते, एवढंच हे यंत्र मोजतं. ओल्या वस्तूतून ती सहज जाते, कोरडीतून अडखळत. पाणी कुठून आलं हे अनुमान आपलं आपण काढायचं असतं. हे ध्यानात ठेवून वापरलं तर रंगाला डाग पडण्याआधी ओल पकडायला घरात ठेवण्याजोगं याहून सुटसुटीत साधन नाही. एकदाच पिन टोचून आकडा वाचणाऱ्याला मात्र ते हमखास फसवतं.

बहुतेक मीटरांचं मूळ माप लाकडासाठी बसवलेलं असतं आणि लाकडात त्याचा आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. घरातलं कोरडं लाकूड साधारण ८ ते १४ टक्क्यांत असतं. आकडा २० च्या वर टिकून राहिला की बुरशी आणि कुजण्याला वाव मिळतो. २८ ते ३० च्या पुढे लाकडाचे तंतू पूर्ण भिजलेले असतात, म्हणून ३५ आणि ४५ मधल्या फरकाला फारसा अर्थ उरत नाही. कौलारू किंवा पत्र्याच्या छताखालचे वासे, रीपा, आढं यांना हा हिशोब थेट लागू होतो. उन्हाने तापलेल्या माळ्यावर मात्र आकडा थोडा फुगतो. ही मापं साधारण २० अंश सेल्सिअसला जुळवलेली असतात. त्यावर दर १० अंशांमागे ढोबळमानाने एक टक्का वजा करावा.

प्लास्टर आणि काँक्रीटची गोष्ट वेगळी. लाकडाच्या मापावर प्लास्टरचा आकडा १८ आला म्हणजे त्यात १८ टक्के पाणी आहे असं नाही. प्लास्टर त्यापेक्षा कितीतरी कमी पाण्यात ओलं होतं. काही मीटरांत बांधकाम साहित्यासाठी वेगळं माप असतं, पण प्लास्टरमधलं सिमेंट, जिप्सम, वाळू, वरचा रंग यांचं मिश्रण घरोघर निराळं, त्यामुळे तेही अंदाजाचंच. स्लॅबच्या छतावर हे मीटर तुलनेसाठीच वापरायचं: संशयाची जागा आणि खात्रीची कोरडी जागा, आजचा आकडा आणि चार दिवसांनंतरचा आकडा.

पिन कुठे टोचायची हे मात्र डोळ्यांनीच ठरवावं लागतं. स्लॅबमधून ओल उतरायला लागली की पहिली चाहूल बहुधा पंख्याच्या हुकाशी किंवा दिव्याच्या खोक्याशी लागते. स्लॅबमध्ये गाडलेल्या वायरिंगच्या नळ्या पाण्याला आयती वाट देतात. पंख्याच्या वरच्या वाटीवर गंजाची बारीक कड दिसली, तर छत कोरडं दिसत असलं तरी मीटर तिथे लावून पाहावं. दुसरी खूण रंगाची. छताकडे सरळ वर पाहिलं तर काही कळत नाही; बॅटरीचा झोत छताला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे रंगाखालचे मसुराएवढे फुगेही सावलीसकट उठून दिसतात. असा फुगा बोटाने दाबल्यावर मऊ लागला आणि फुटून आतून पांढरी पूड सांडली तर तो लोणा. पाण्याने प्लास्टरमधले क्षार वर आणले आणि स्वतः उडून गेलं, एवढं त्यावरून नक्की होतं. डागात वर्तुळाच्या आत वर्तुळ दिसलं तर पाणी एकदाच नव्हे, अनेकदा येऊन सुकलं आहे. छडीच्या मुठीने हलकं ठोकल्यावर प्लास्टर बद्द वाजलं, तर त्याची पकड सुटली आहे. सरळ रेषेत उमटलेली तपकिरी रेघ मात्र हलक्यात घेऊ नये. ती बहुधा सळईच्या गंजाची असते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून पुढची पायरी म्हणजे खालचं काँक्रीट फुटणं. तिथे मीटर बाजूला ठेवून बांधकामाच्या जाणकाराला बोलवावं.

पिन टोचण्याआधी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरांत असते. दिव्याच्या खोक्याजवळ ओल असेल तर त्या खोलीचा वीजपुरवठा मुख्य पेटीतून बंद करा. आणि फॉल्स सीलिंगला पोट आलं असेल तर मीटर लावण्यात अर्थ नाही. खाली बादली ठेवा, बाजूला उभं राहा आणि फुगवट्याच्या कडेला लहान भोक पाडून पाणी सोडा, नाहीतर सीलिंगचा अख्खा तुकडा डोक्यावर येईल.

आता पद्धत. छताच्या ज्या थरात आणि ज्या रंगात संशयाची जागा आहे, त्यातलीच पण गळतीची शक्यता नसलेली एक जागा संदर्भासाठी निवडा. भिंतीवरचा आकडा छताच्या आकड्याशी ताडू नये. संशयाच्या जागेभोवती ३० सेंटीमीटर अंतराने पेन्सिलीच्या फुल्या काढा, चारही दिशांना किमान तीन-तीन, आणि प्रत्येक फुलीला क्रमांक द्या. पिना दरवेळी त्याच फुलीवर, सारख्याच दाबाने टेकवा. आकडा दोन-तीन सेकंद स्थिरावू द्या, तीनदा घ्या, मधला लिहा. एक फेरी पाऊस पडून गेल्यावर लगेच, मग दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या आणि आठव्या दिवशी. वहीत तारखेसोबत पाऊस कधी थांबला तेही लिहावं. ते नसेल तर पुढे आकड्यांचा काही उपयोग होत नाही.

उदाहरण घेऊ. समजा संदर्भाच्या कोरड्या फुलीवर ९ आहे. पंख्याजवळच्या डागाच्या मध्यावर १७, डागाच्या तपकिरी कडेवर २१, आणि गच्चीच्या कठड्याच्या दिशेने सरकताना २४ आणि २८. उलट दिशेला १२. पाहणारा पंख्याखाली उभा असतो, पण आकडे कठड्याकडे चढत आहेत. आठ कोरड्या दिवसांनंतर डागाच्या मध्यावर १६, कडेवर २१, कठड्याकडच्या २८ वर मात्र १४. याचा अर्थ लावणं अवघड नाही. जिथे आकडा हलला तिथे चालू पाणी आहे आणि ते सुकत आहे. डागावरचा आकडा जागचा हलला नाही, कारण तिथे पाण्यापेक्षा क्षार जास्त साठले आहेत. पाणी सुकताना ते डागाच्या कडेला जमतात, म्हणून कडेचा आकडा मध्यापेक्षा मोठा. रंगारी त्या डागावर पुट्टी घासून रंग देईल आणि दोष तसाच कठड्याशी राहील.

क्षार हीच या मीटरची सर्वांत मोठी खोट. खारट ओलावा वीज फार सहज वाहून नेतो, शिवाय काही क्षार हवेतला दमटपणा शोषून घेतात, म्हणून वर्षांपूर्वी दुरुस्त झालेली जागासुद्धा ओली दाखवली जाते. लोणा दिसला तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढा. ओल्या फडक्याने पुसला तर क्षार विरघळून परत आत जातात. पिनांनाही तो चिकटतो, त्यामुळे दोन फुल्यांच्या मधे पिना पुसायच्या. दुसरी खोट धातूची: प्लास्टरमधली जाळी, कोपऱ्यातली पट्टी, धातूची नळी किंवा वर आलेली सळई पिनांना लागली की आकडा एकदम टोकाला जातो. आजूबाजूला १० आणि मधेच ४० आला तर आधी धातूचा संशय घ्यावा. तिसरी खोट म्हणजे पिना खोलवर पोचत नाहीत. पिना जेमतेम काही मिलिमीटर आत जातात, आणि कठीण सिमेंट प्लास्टरमध्ये तेवढ्याही नाही. स्लॅबच्या वरच्या अंगाला पाणी मुरलेलं असून खाली मीटर कोरडं दाखवू शकतं. म्हणून 'आज कोरडं' या निकालावर विसंबून राहू नये. स्लॅबवरच्या उताराच्या कोब्यात साठलेलं पाणी पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनीही खाली उतरतं. चौथ्या दिवसाची फेरी त्यासाठीच असते.

ओल छतातूनच येते का, की खोलीतली वाफ थंड छतावर जमते, हा प्रश्न मीटर सोडवत नाही. त्याला प्लास्टिकची चाचणी आहे आणि ती जवळपास फुकटात होते. साधारण ४५ सेंटीमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक छतावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि किमान १६ तास तसंच ठेवा. थेंब खोलीच्या बाजूने जमले तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. प्लास्टिक आणि छत यांच्या मधे जमले तर ओल छतातून येते. पावडर झालेल्या रंगावर चिकटपट्टी धरत नाही, कडा आधी झाडून घ्या. वाफेच्या ओलीला बहुधा ठळक तपकिरी कड नसते आणि बुरशीचे काळे ठिपके कोपऱ्यांत, कपाटामागे, हवा न खेळणाऱ्या जागी असतात, हेही लक्षात घ्यावं. आणि लोणा नसलेल्या जागी पाऊस नसतानाही आकडा महिनाभर चढाच राहिला, तर गच्चीऐवजी वरची नळाची किंवा सांडपाण्याची लाइन तपासावी.

बिनपिनेचं मीटर यापेक्षा चांगलं का? रंगाला भोकं पडत नाहीत आणि सपाट छतावरून सरकवत मोठा भाग मिनिटांत चाळता येतो, हे त्याचे गुण. ते विद्युत क्षेत्राच्या बदलावरून साधारण दोन सेंटीमीटरपर्यंतचा अंदाज घेतं. पण खडबडीत पृष्ठभागावर मधे हवा राहिली तर आकडा घसरतो, आणि सळई वर असेल तर चढतो. एकच घ्यायचं असेल तर पिनवालं घ्यावं. थर्मल कॅमेरा ओलावा पाहत नाही, पृष्ठभागाचं तापमान पाहतो. ओली जागा पाणी उडताना थंड होते म्हणून ती वेगळ्या रंगात दिसते. ओल्या-कोरड्याचं तापमान सारखं असेल तर त्यात काहीच दिसत नाही. गच्चीवरून पाहायचं असेल तर उन्हाच्या दिवशी सूर्य मावळल्यानंतर, कारण पाणी मुरलेला भाग उष्णता उशिरापर्यंत धरून ठेवतो. त्यात वेगळा दिसलेला प्रत्येक पट्टा मीटरने पडताळून घ्यावाच लागतो, एकदाच्या कामासाठी कॅमेरा विकत घेण्यात काही राम नाही.

मीटर निवडताना जाहिरातीतले दशांश बघू नयेत. शिडीवर हात वर करून पिना टेकवताना पडदा आपल्याकडे नसतोच, म्हणून आकडा थोपवून धरणारं बटण असलंच पाहिजे. वायरला जोडलेल्या वेगळ्या पिना मिळत असतील तर आणखी बरं. पिना बदलता येणाऱ्या असाव्यात, कारण प्लास्टरवर त्या वाकतात आणि बोथट होतात. टोपणात तपासणीची सोय असलेलं मीटर घ्या: टोपण लावून ठरावीक आकडा दाखवतं की नाही ते दर फेरीआधी पाहता येतं. बॅटरी उतरली की आकडे भरकटतात आणि काही स्वस्त मीटरं तशी सूचनाही देत नाहीत. ओलं-कोरडं सांगणारे फक्त रंगीत दिवे असलेलं मीटर घेऊ नये. तुलना आकड्यांवर चालते, हिरव्या-लाल दिव्यांवर नाही.

मीटरने दिशा दाखवली की पुढचं काम गच्चीवर. तिथे कामी येते ती होजपाइपची चाचणी: कोरड्या दिवशी सर्वांत खालच्या भागापासून सुरुवात करून वर सरकायचं, एका वेळी एकच भाग, १० ते १५ मिनिटं पाणी, आणि खाली कुणीतरी फुल्यांवर मीटर धरून. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि वाट कळत नाही. कठडा आणि गच्ची यांचा सांधा, पाणी निघायच्या तोंडाभोवतीची कड, पाइप छतातून आरपार जातात ती भोकं, टाकीच्या पायाखालचा भाग, हे आधी घ्यावेत. गच्चीवर पाणी साठवून पाहायचं असेल तर आधी स्लॅबच्या ताकदीचा विचार: ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ५० किलो. जुन्या, सळई गंजलेल्या स्लॅबवर हा प्रयोग जाणकाराला विचारल्याशिवाय नको. पत्र्याच्या छतावर स्क्रूच्या रबरी वॉशरकडे पाहावं; कडक होऊन चिरलेला वॉशर आणि गरजेपेक्षा आवळून बाजूने फुगलेला वॉशर, दोन्ही गळतात.

काम झाल्यावर पिना कोरड्या फडक्याने पुसून टोपण लावा आणि बॅटरी काढून ठेवा. पेन्सिलीच्या फुल्या मात्र पुसू नका: दुरुस्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात त्याच जागी पिना टेकवायच्या आहेत.